आयव्हरी कोस्टची सिमोन ग्बाग्बो: फर्स्ट लेडी होण्याआधीची, असतानाची आणि नंतरची

शमीची_शेंग (धागाकर्ती)

ऑक्टोबर २०२५ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. आपल्याकडे बातमी आली असेल तर एवढीच: ८३ वर्षांचे आलासान वातारा चौथ्यांदा निवडून आले, ८९.७७ टक्के मतं. त्या निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर एक ७६ वर्षांची बाई होती, तिला २.४२ टक्के पडली. हा धागा तिच्यासाठी.

नाव सिमोन एहिवेत ग्बाग्बो. वातारांच्या राजवटीत तिला २० वर्षांची शिक्षा झाली. ती शिक्षा वातारांनीच माफ केली. आणि त्याच्याही खूप आधी, १९९२ मध्ये, हेच वातारा पंतप्रधान असताना ती नवऱ्यासकट तुरुंगात गेली होती. तेहतीस वर्षं एकच प्रतिस्पर्धी. अशी राजकीय वैरं आपल्याकडेही आहेत, पण ती पुरुषापुरुषांमधली.

सुरुवातीपासून लिहिते, कारण तिची सुरुवात सहसा कुणी लिहीत नाही. थेट २०११ ची अटक आणि विस्कटलेल्या केसांचा तो फोटो, तिथूनच गोष्ट सुरू होते.

जन्म २० जून १९४९, मूसू गावात. हे गाव ग्राँ-बासामला खेटून आहे आणि ग्राँ-बासाम ही फ्रेंचांची वसाहतकाळातली जुनी राजधानी. त्याच वर्षी डिसेंबरात स्वातंत्र्यचळवळीतले नेते तिथल्या तुरुंगात होते आणि त्यांच्या सुटकेसाठी बायकांचा मोठा मोर्चा अबिदजानहून, म्हणजे देशातल्या सर्वात मोठ्या शहरातून, तिथवर चालत आला होता. आजही तो दिवस त्या देशाच्या इतिहासात मानाने सांगतात. सिमोन तेव्हा पाळण्यात. वडील जांदार्म, म्हणजे फ्रेंच धाटणीच्या लष्करी पोलिसात. घरात भावंडांची रांग. ती शिकली, भाषा आणि मौखिक साहित्यात संशोधन केलं, अध्यापनात आली आणि शिक्षक-संशोधकांच्या संघटनेत पडली.

तेव्हा देशात एकच पक्ष आणि एकच माणूस: फेलिक्स उफुए-ब्वाग्नी. १९६० ते १९९३, मरेपर्यंत राष्ट्राध्यक्ष. कोको आणि कॉफीच्या पैशावर देश भरभराटीला आला, अबिदजानमध्ये उंच इमारती उठल्या, आणि विरोधात बोलणाऱ्यांना कधी नोकरी कधी तुरुंग देऊन गप्प केलं जाई. अशा काळात १९८२ मध्ये काही प्राध्यापक मंडळींनी चोरून एक पक्ष काढला: आयव्होरियन पॉप्युलर फ्रंट, पुढे एफपीआय म्हणेन. त्यात इतिहासाचे प्राध्यापक लोराँ ग्बाग्बो होते आणि सिमोनही होती. लोराँशी तिचं लग्न झालं १९८९ मध्ये. मध्ये काही वर्षं लोराँ फ्रान्समध्ये परागंदा होता आणि मागे पक्ष जिवंत ठेवणाऱ्यांत ती होती. म्हणजे पक्षाची संस्थापक ती आधी, नेत्याची बायको नंतर. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे तो विसरले.

१९९० मध्ये बहुपक्षीय निवडणुका आल्या. १८ फेब्रुवारी १९९२ ला अबिदजानमध्ये विरोधकांचा मोर्चा निघाला, तो चिघळला, आणि ग्बाग्बो पती-पत्नी दोघंही पकडले गेले. तिला मारहाण झाली. काही महिन्यांनी माफी मिळून सुटका. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ती अबिदजानच्या अबोबो भागातून संसदेत निवडून आली, पुढे एफपीआयच्या संसदीय गटाची प्रमुख झाली. लक्षात घ्या, नवरा अजून विरोधी पक्षात आहे.

मग ऑक्टोबर २००० ची निवडणूक. जनरल रोबेर गेइने आदल्या वर्षी सत्ता बळकावली होती. वातारा आणि माजी राष्ट्राध्यक्ष बेदिए या दोघांनाही उभं राहू दिलं गेलं नाही. हरतोय असं दिसताच गेइने स्वतःच स्वतःला विजयी घोषित केलं, लोक रस्त्यावर आले, गेइ पळाला आणि लोराँ ग्बाग्बो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच दिवसांत वातारा समर्थक आणि जांदार्म यांच्यात रक्तपात झाला, अबिदजानच्या योपुगों भागात ५७ प्रेतं एकत्र टाकलेली सापडली. नव्या राजवटीचा पहिला आठवडा हा असा.

फर्स्ट लेडी म्हणजे अनाथाश्रमाला भेट आणि शिवणयंत्रं वाटप, ही प्रथा तिने पाळली नाही. ती खासदार राहिली, संसदीय गट चालवत राहिली, पक्षाच्या बैठकांत नवऱ्याच्या मंत्र्यांना झापत राहिली. लोक तिला प्रेमाने 'मामाँ' म्हणायचे आणि भीतीने 'पोलादी बाई'. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एका मोटार अपघातातून दोघं वाचली आणि तेव्हापासून ती इव्हँजेलिकल ख्रिस्ती पंथात ओढली गेली होती. एके काळची डावी संघटनावाली आता भाषणात सैतानाचं आणि देवाच्या योजनेचं नाव घेऊ लागली.

१९ सप्टेंबर २००२ ला सैन्यातल्या एका गटाने बंड केलं. उठाव अबिदजानमध्ये फसला, पण उत्तरेकडचा अर्धा देश बंडखोरांच्या हाती गेला. त्या रात्री गृहमंत्री बोगा दुदू मारले गेले, ते एफपीआयच्या अगदी पहिल्या दिवसांचे सोबती. तिकडे गेइ आणि त्याची बायकोही ठार झाली. माझ्या मते सिमोनच्या राजकारणातलं वळण हेच. त्यानंतर तिच्या लेखी वाटाघाट म्हणजे शरणागती. जानेवारी २००३ मध्ये फ्रान्समध्ये करार झाला, बंडखोरांना मंत्रिपदं द्यायची ठरली, त्याला सर्वात कडवा विरोध तिचा. याच वर्षांत सरकारच्या आशीर्वादाने चालणाऱ्या मारेकरी टोळ्यांचे आरोप झाले, त्यात तिचं नाव घेतलं गेलं, तिने ते सतत नाकारलं. एप्रिल २००४ मध्ये कोको व्यवहारांतला भ्रष्टाचार शोधणारा पत्रकार गी-आंद्रे किफेर अबिदजानमधून नाहीसा झाला, तो आजतागायत सापडलेला नाही. तो शेवटचा ज्याला भेटायला गेला होता तो माणूस सिमोनच्या बहिणीचा नवरा. फ्रेंच न्यायाधीशांनी तिचीही जबानी घेतली. तिच्यावर काही सिद्ध झालं नाही.

पाच वर्षं लांबलेली निवडणूक शेवटी २०१० मध्ये झाली. दुसरी फेरी २८ नोव्हेंबरला. निवडणूक आयोग म्हणाला वातारा ५४.१ टक्क्यांनी जिंकले. निकालावर शेवटचा शिक्का मारणाऱ्या घटनापरिषदेने उत्तरेतल्या काही भागांतली मतं रद्द करून ग्बाग्बोला ५१.४५ टक्क्यांवर आणलं. संयुक्त राष्ट्रांनी वातारांचा विजय प्रमाण मानला. एका देशात दोन राष्ट्राध्यक्ष, दोन शपथविधी. पुढच्या चार-पाच महिन्यांत सुमारे ३,००० माणसं मेली.

११ एप्रिल २०११ ला कोकोदी भागातल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासातून, तळघरातून, दोघांना बाहेर काढलं. तिचे केस उपटलेले, भोवती सैनिक हसतायत. तो फोटो जगभर गेला.

पुढचं प्रतिसादांत लिहिते, बोटं दुखली. तोवर बोला.

---

तर्कट

वाचलं. माहितीपूर्ण. पण सहानुभूती जरा जास्तच ओतलीय. आफ्रिकेतल्या फर्स्ट लेडी म्हटलं की मला झिम्बाब्वेच्या रॉबर्ट मुगाबेंची बायको ग्रेस मुगाबे आठवते. खरेदी, शेतं, डॉक्टरेट आणि शेवटी खुर्चीचा लोभ. ही काय वेगळी?

---

शमीची_शेंग

वेगळी आहे, आणि फरक तुमच्याच उदाहरणात आहे. ग्रेस राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात टंकलेखिका होती, लग्न १९९६ मध्ये, आणि राजकारणात आली २०१४ मध्ये, तीही थेट झानू-पीएफच्या, म्हणजे नवऱ्याच्या सत्ताधारी पक्षाच्या, महिला आघाडीच्या अध्यक्षपदी. पक्षात एक पायरी चढलेली नाही. नवरा ९० वर्षांचा. तीन वर्षांत तिने एक उपराष्ट्राध्यक्ष घालवली, दुसरा घालवला, आणि त्या दुसऱ्याच्या मागे लष्कर होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवऱ्याची खुर्ची गेली त्याच आठवड्यात पक्षाने तिला हाकललं. नवरा नाही तर ती नाही, इतकं सरळ.

सिमोनचा नवरा दुरावला, पुढे घटस्फोट झाला, पक्ष गेला, घर गेलं, तरी ती उभी राहिलीच. चांगली की वाईट हा वेगळा मुद्दा.

---

गप्पिष्ट_मावशी

अगं ते घटस्फोटाचं लिही की. तो मधेच कुठे गेला?

---

चिंचपोकळी_स्लो

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

काजूबोंड

धागा बघून लॉगिन केलं. आमचा धंदा काजूचा, मालवणकडचा. इथल्या लोकांना सांगतो, कोकणात आणि गोव्यात कारखान्यांत जी काजू फुटते त्यातली सगळी आपल्या डोंगरांवरची नसते. कच्ची बी मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेतून येते आणि आज कच्च्या काजूचं सगळ्यात जास्त उत्पादन आयव्हरी कोस्टचं आहे. काजू पिकते त्यांच्या उत्तरेत, कोऱ्होगो वगैरे भागात. म्हणजे २००२ ते २०११ ज्या भागात बंडखोरांचं राज्य होतं तिथेच. दर नाक्यावर वेगळ्या माणसाला वेगळे पैसे, आणि तो खर्च शेवटी बीच्या भावात.

२०११ चा हंगाम तर विचारू नका. तिथे बी निघते फेब्रुवारीपासून. फेब्रुवारीच्या मध्यात अबिदजानमधल्या मोठ्या बँका एकामागून एक बंद झाल्या. शेतकरी उधारीवर माल देत नाही, त्याला रोकड लागते, आणि रोकडच नाही. माल होता, बोटी होत्या, नोटा नव्हत्या. उत्तरेतली बी घानाच्या वाटेने निघाली. आमच्याकडे जी पोचली तिचा आऊटटर्न, म्हणजे कच्च्या बीतून निघणारा गर, असा होता की गड्यांनी हात जोडले, ओलीच भरलेली.

तिथले व्यापारी या बाईचं नाव हळू आवाजात घ्यायचे. लोराँबद्दल मोकळे बोलायचे, शिव्यासुद्धा द्यायचे, हसायचे. हिचं नाव निघालं की इकडे-तिकडे बघायचे. दक्षिणेतलेही आणि उत्तरेतलेही.

---

शमीची_शेंग

काजूबोंड, असा प्रतिसाद आला की धागा काढल्याचं सार्थक. बँकांच्या आधी जानेवारीत वातारांनी कोकोच्या निर्यातीवर बंदीचं आवाहन केलं होतं. ग्बाग्बोकडे फौज होती, तिचे पगार कशातून द्यायचे हा प्रश्न होता. बंदुकीच्या जोडीने ती लढाई तिजोरीवरही चालली होती.

आता राहिलेला भाग.

लोराँला नोव्हेंबर २०११ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पाठवलं. तिला उत्तरेत ओदिएनेला नजरकैदेत ठेवलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये हेगने तिच्यावरही अटक वॉरंट काढलं, ते नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं. हेगच्या न्यायालयाने जाहीरपणे वॉरंट काढलेली ती पहिली स्त्री. आरोप मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे: खून, लैंगिक अत्याचार, छळ. वातारा सरकारने मात्र तिला दिलं नाही, आमच्याकडेच खटला चालवू म्हणाले.

पहिला खटला अबिदजानमध्ये, मार्च २०१५ मध्ये निकाल. राज्यसत्तेवर हल्ला, बेकायदा टोळ्या वगैरे कलमं. सरकारी वकिलाने १० वर्षं मागितली होती, ज्युरीने २० दिली. मागितल्याच्या दुप्पट! दुसरा खटला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा, त्यात मार्च २०१७ मध्ये निर्दोष. तो निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि लगेच, ६ ऑगस्ट २०१८ ला, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, वातारांनी सुमारे ८०० जणांना माफी दिली. त्यात ती. दोन दिवसांनी बाहेर आली. सात वर्षं झाली होती.

---

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण हे प्रकरण आमच्या व्याख्यानात नेहमी येतं.

हेगचं न्यायालय देशी न्यायालयांना पूरक आहे. देश स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवत असेल तर हेगने हात घालायचा नाही. आयव्हरी कोस्टने हाच दावा केला. डिसेंबर २०१४ मध्ये हेगने तो फेटाळला, मे २०१५ मध्ये अपिलातही फेटाळला, कारण देशात चाललेल्या तपासाचा विषय आणि हेगच्या आरोपांचा विषय एकच आहे असं दिसत नव्हतं. तरीही सरकारने तिला पाठवलं नाही.

२०१७ च्या निर्दोष सुटकेबद्दल: पीडितांच्या वतीने उभ्या असलेल्या मानवाधिकार संघटनांनी तो खटला सुरू होतानाच अंग काढून घेतलं होतं. तपास अर्धवट, तिच्यावरचे पुरावे विस्कळीत, घाईने एकटीला उभं केलंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे 'निर्दोष' शब्दावर तिच्या समर्थकांनी फार उड्या मारू नयेत. आणि २०१५ च्या २० वर्षांवर विरोधकांनीही मारू नयेत, कारण तो पुरावा कसा तोलला गेला यावर त्याच संघटनांचे आक्षेप होते. खोलात जाऊन तिचा न्याय कुणीच केला नाही. हेगने लोराँला जानेवारी २०१९ मध्ये सोडलं, मार्च २०२१ मध्ये ते कायम झालं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तिच्यावरचं वॉरंट मागे घेतलं.

वॉरंटच्या आदेशात एक जागा फार बोलकी आहे. निवडून आलेली नसतानाही ती नवऱ्याची प्रतिरूप म्हणून वागत होती, राज्याचे निर्णय घेत होती, अशा अर्थाचं.

---

शमीची_शेंग

काळा_कोट, नेमकी हीच जागा मला खटकते. निवडून आलेली नसताना? ती अबोबोची निवडून आलेली खासदार होती. नवरा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या आधीपासून. आंतरराष्ट्रीय न्यायाधीशांना सुद्धा तिची सत्ता समजावून सांगायला नवरा लागला.

---

तर्कट

ताई, आता मला बोलू द्या. तुम्ही स्वतःच अबोबोचं नाव काढलंत म्हणून.

३ मार्च २०११ ला अबोबोत बायकांचा मोर्चा निघाला होता. निःशस्त्र. ग्बाग्बोने खुर्ची सोडावी एवढीच मागणी. चिलखती गाड्यांतून गोळीबार झाला, सात बायका मेल्या. दोन आठवड्यांनी तिथल्या बाजारावर तोफगोळे पडले. तो तिचा मतदारसंघ! तिला मतं देणाऱ्या, न देणाऱ्या, तिच्याच बायका. तुम्ही धाग्यात ग्राँ-बासामच्या १९४९ च्या मोर्चाचं कौतुक केलंत, मग या मोर्चाला एक ओळसुद्धा नाही? विस्कटलेल्या केसांच्या फोटोला मात्र आहे.

---

शमीची_शेंग

आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच उत्तर सविस्तर देते.

अबोबो ही उत्तरेकडून आणि शेजारच्या देशांतून आलेल्या कष्टकऱ्यांची दाट वस्ती. २०१० मध्ये या वस्तीने वातारांना मतं दिली. नंतर तिथेच सरकारविरोधी सशस्त्र गट उभा राहिला, आणि ग्बाग्बोच्या फौजेने सगळ्या वस्तीलाच शत्रू ठरवलं. त्या गोळीबाराचा हुकूम सिमोनने दिला असं कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. पण संकटाच्या त्या महिन्यांत ती सभा घेत होती, नवऱ्याने हटू नये म्हणून माणसं उभी करत होती, आणि स्वतःच्या मतदारसंघातल्या सात बायका मेल्यावर तिने खासदारकी सोडली नाही की मोर्चा काढला नाही. तिला नवऱ्याची सावली मानलं तर हे सगळं त्याच्या खात्यावर जातं. मी तिला स्वतंत्र राजकारणी मानते, म्हणून अबोबो मी तिच्या खात्यावर लिहिते. माझं म्हणणं तिला सूट देण्याचं नाहीच. उलट आहे.

---

निर्मोही

दुसरी बाजूही असू द्या. मार्च २०११ च्या अखेरीला पश्चिमेला दुएकुएत वातारांच्या बाजूच्या फौजा शिरल्या तेव्हा शेकडो माणसं मारली गेली, बहुतेक ग्बाग्बोला मानणाऱ्या जमातीची. वातारांच्या बाजूच्या कुठल्या बड्या नेत्यावर त्याबद्दल खटला चालला? हेगलाही एकाच बाजूची माणसं गेली. जिंकलेल्यांचा न्याय म्हणतात तो हाच.

---

तर्कट

निर्मोही, दुएकुएचा निषेध आहेच. त्याने अबोबो पुसलं जात नाही.

---

सेनेकाठची_सई

पॅरिसला राहते. इथे पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांत या बाईवरून जेवणाच्या सुट्टीत वाद होतात, म्हणून लिहिते.

फ्रेंच माध्यमांत ती अनेक वर्षं जवळजवळ चेटकीण म्हणून रंगवलेली. तिचं बायबल, तिचे पास्टर, तिचा आवाज. याला २००४ ची पार्श्वभूमी आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये आयव्होरियन विमानांनी बुआकेत फ्रेंच तळावर बाँब टाकले, नऊ फ्रेंच सैनिक मेले. फ्रान्सने त्या देशाचं अख्खं छोटंसं हवाई दल नष्ट केलं, आणि अबिदजानमध्ये फ्रेंचांविरुद्ध दंगे उसळले, हजारो फ्रेंच नागरिक देश सोडून आले. त्या वेळच्या संतप्त गर्दीची बाजू घेणाऱ्यांत सिमोन पुढे.

माझी बेनिनची मैत्रीण म्हणते, ग्बाग्बो कसेही असोत, फ्रान्सला नाही म्हणाले. तिच्या पिढीला सीएफए फ्रँक, म्हणजे फ्रेंचांनी सुरू केलेलं तिकडचं चलन, नको, फ्रेंच तळ नको. तिच्यासाठी सिमोन नायिका. आयव्होरियन सहकारी उत्तरेकडचा, तो तिचं नाव निघालं की ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो.

---

चिंचपोकळी_स्लो

आपल्याकडची राबडीदेवी का नाही आठवली कुणाला?

---

शमीची_शेंग

कारण उलटं आहे. राबडीदेवींना नवऱ्याने स्वयंपाकघरातून खुर्चीवर नेलं असं म्हणतात. इथे दोघांनी मिळून पक्ष काढला आणि खुर्ची एकालाच मिळाली.

---

गप्पिष्ट_मावशी

घटस्फोट!! तीनदा विचारायला लावू नकोस.

---

शमीची_शेंग

मावशी, घ्या.

राष्ट्राध्यक्ष असतानाच लोराँने नादी बांबा नावाच्या माजी पत्रकार बाईंशी पारंपरिक पद्धतीने लग्न केलं. त्या उत्तरेकडच्या, मुस्लिम घरातल्या, आणि वयाने बऱ्याच लहान. कायद्याने पत्नी सिमोनच. देशात हे उघड गुपित होतं. अधिकृत समारंभांत सिमोन, आणि दुसरं घर वेगळं. हेगच्या वर्षांत भेटीला नादी जात होत्या, सिमोन तर स्वतःच कैदेत.

१७ जून २०२१ ला लोराँ दहा वर्षांनी परत आला. विमानातून नादी बरोबर उतरल्या. विमानतळावर स्वागताला सिमोनही गेली होती, आणि त्या भेटीचे व्हिडिओ लोकांनी पुढे-मागे करून पाहिले, कोण कुणाला किती वेळ भेटलं ते मोजत. चारच दिवसांनी लोराँच्या वकिलांनी घटस्फोटाचा अर्ज केल्याचं जाहीर केलं. सिमोन सामोपचाराने विभक्त व्हायला अनेक वर्षं तयार नाही, असं कारण दिलं. जून २०२३ मध्ये घटस्फोट झाला.

राजकीय घटस्फोट त्याआधीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोराँने एफपीआय सोडून नवा पक्ष काढला, त्यात ती नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने स्वतःचा काढला, नाव 'सक्षम पिढ्यांची चळवळ', फ्रेंच आद्याक्षरं एमजीसी. वयाच्या ७३ व्या वर्षी.

---

गप्पिष्ट_मावशी

बाई गं. म्हणजे तुरुंगातून सुटून त्याची वाट बघत बसली असेल आणि याने हे केलं. मुलं?

---

शमीची_शेंग

पाच मुली. तीन पहिल्या लग्नाच्या, दोन जुळ्या लोराँच्या. वाट बघत बसली नव्हती मात्र. सुटल्या-सुटल्या देशभर फिरायला लागली, गावोगावी क्षमेची आणि समेटाची भाषा करत. २०१८ नंतरची सिमोन कानाला निराळी लागते. तिच्या विरोधकांना ते नाटक वाटतं.

---

तर्कट

मलाही.

---

काजूबोंड

माझे उत्तरेतले व्यापारी म्हणतात, म्हातारी मवाळ झाली. पण मत देणार का विचारलं की हसतात.

---

चिंचपोकळी_स्लो

मग २.४२ टक्के म्हणजे संपलीच ना? एवढं सगळं करून.

---

शमीची_शेंग

आकडा लहानच आहे. पण संदर्भ बघा. लोराँ जुन्या शिक्षेमुळे मतदारयादीत नव्हता. तिजान तियाम, उफुए-ब्वाग्नींच्या पक्षाचे, फ्रेंच नागरिकत्वाच्या वादातून बाद झाले. तगडे दोघे बाहेर, आणि मतदान झालं निम्म्याच्या आसपास. ग्बाग्बोची म्हणून जी मतं आहेत, पश्चिमेतली आणि योपुगोंसारख्या वस्त्यांतली, ती बऱ्याच अंशी घरीच बसली. लोराँच्या पक्षाने ती तिच्यामागे उभी केली नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी जो पक्ष तिने बांधला त्याचे कार्यकर्ते तिच्या सभेला आले नाहीत. तिला पाडलं ते या गोष्टीनेच, वातारांनी नाही असं माझं मत.

आणखी एक. मैदानात राहिलेल्या पाच जणांत दोन बायका होत्या, दुसऱ्या आँरिएत लागू. राष्ट्राध्यक्ष वातारांची पत्नी डॉमिनिक मूळच्या फ्रेंच, उद्योजिका, मुलांसाठी मोठी संस्था चालवतात, राजकारणात कधी पडल्या नाहीत. अबिदजानमध्ये आदर्श फर्स्ट लेडी म्हणून त्यांचंच नाव घेतात.

---

निर्मोही

अर्थातच घेणार. त्रास नाही ना कुणाला.

---

जुनी_डायरी

उशिरा आले. धागा वाचनखूण साठवला. एक भर: त्याच निवडणुकीच्या दोन दिवस आधी, २३ ऑक्टोबर २०२५ ला, शेजारच्या घानात नाना कोनाडू अग्येमान-रॉलिंग्ज वारल्या. घानाचे माजी राष्ट्राध्यक्ष जेरी रॉलिंग्ज यांच्या पत्नी, तिथल्या सर्वाधिक काळ राहिलेल्या फर्स्ट लेडी. '३१ डिसेंबर महिला चळवळ' त्यांनी उभी केली, गावोगावी बालवाड्या आणि बायकांचे छोटे उद्योग. नवरा सत्तेबाहेर गेल्यावर २०११ मध्ये त्यांनी पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांनाच पक्षांतर्गत निवडणुकीत आव्हान दिलं. जेमतेम तीन टक्के मतं मिळाली. मग स्वतःचा पक्ष काढला. २०१२ मध्ये अर्ज बाद झाला, २०१६ मध्ये लढल्या आणि अर्धा टक्कासुद्धा मिळाला नाही.

---

शमीची_शेंग

जुनी_डायरी, नाना कोनाडूंवर वेगळा धागा काढाच. एक फरक नोंदवून ठेवते: त्यांच्या पक्षांतर्गत लढाईत नवरा त्यांच्या बाजूने होता.

---

तर्कट

तरी तीनच टक्के.

---

जुनी_डायरी

हो. आणि समोर पदावरचे राष्ट्राध्यक्ष होते, मतदार पक्षाचे प्रतिनिधी, ज्यांची पदं त्याच राष्ट्राध्यक्षांच्या हातात. वेगळा धागा पुढच्या आठवड्यात काढते. काजूबोंड, घानातून तुम्ही माल घेता ना? त्या महिला चळवळीच्या गावांतून कुणी ओळखीचं असेल तर तिथे लिहा.

---

काजूबोंड

टेमा बंदरातला एक जुना दलाल आहे, त्याची आई त्या चळवळीत होती म्हणतो. विचारून सांगतो.